बिनगिलाव्याची घरं

कोल्हापूरजवळच्या कळंब्यात कोणाच्या डोक्यावर कर्ज आहे, हे १९९०च्या दशकात विचारावं लागत नसे. भिंतीकडं बघितलं की कळायचं. दारात तुळस आहे, चौकटीवरचं तोरण सुकलंय, म्हणजे माणसं राहायला येऊन वर्ष उलटलंय. पण भिंती बाहेरून नुसत्या लाल विटांच्या आणि स्लॅबच्या कोपऱ्यांतून गंजक्या सळ्या वर आलेल्या. या घराचा हप्ता चालू आहे. फक्त रस्त्याकडच्या बाजूला गिलावा झाला असेल, तर कर्ज निम्म्यावर आलं असावं, नाहीतर घरात मुलीचं लग्न निघालं असावं. चारी बाजूंनी गिलावा होऊन वर पिवळा किंवा गुलाबी रंग चढला, की जाणारेयेणारे म्हणायचे, "सुटला गडी."

शहरातल्या संभाजीनगर स्टँडवरून आमच्याकडं निघालं, की आयटीआय लागायचं, मध्यवर्ती कारागृहाची लांबच लांब भिंत लागायची आणि पुढं तलावापर्यंत ऊस. "कुठं राहता?" "कळंब्यात." "आत का बाहेर?" हा विनोद आम्ही इतक्या वेळा ऐकलाय, की आता हसल्याचं नाटकही जमत नाही. वडील मात्र तो विनोद हिशेबाला वापरायचे. चांगलं वागणाऱ्या कैद्याला शिक्षेत सूट मिळते. आपल्यालाही मिळते, फक्त ती आपली आपण घ्यायची, घराच्या कर्जात महिन्याला तीनशे रुपये जादा भरून.

इकडं राहायला यायचं कारण एकच, जागा. कोल्हापूर १९७२ साली महानगरपालिका झालं, पण हद्द काही वाढली नाही, आणि हद्दवाढीचा वाद पिढ्यान्‌पिढ्या पुरतोय. हद्दीबाहेर ग्रामपंचायत, तिचा घरफाळा कमी, आणि शेतकरी गुंठ्यागुंठ्यानं रान विकत होते. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. दीड गुंठ्यात दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं न्हाणी आणि पुढं एक पेरूचं झाड, एवढं बसायचं. प्लॉट बिगरशेती असेल तरच गृहकर्ज मिळायचं. ज्यांनी साध्या गुंठेवारीत जागा घेतली, त्यांची घरं कर्जाविनाच वाढली; यंदा जोतं, दोन वर्षांनी भिंती, मुलाला नोकरी लागली की स्लॅब. गुंठेवारी नियमित करायचा कायदा २००१ साली आला, तोवर त्यांतली कित्येक घरं जुनी होऊन गेली होती.

त्याआधीच्या पिढीतला नोकरदार घर बांधायचा तो निवृत्त झाल्यावर, फंडाच्या पैशांत. ज्या घरात मुलं वाढायची, ते भाड्याचं असायचं आणि स्वतःच्या घरात म्हाताराम्हातारी दोघंच. हसमुखभाई पारेखांनी १९७७ साली मुंबईत एचडीएफसी सुरू केली, १९८८ साली राष्ट्रीय आवास बँक आली, १९८९ साली एलआयसीची गृहकर्ज कंपनी आली. हे वारं मुंबईतून कोल्हापूरला आणि तिथून कळंब्याला पोचेपर्यंत १९९० उलटलं होतं. शाळेत लिपिक असलेल्या आमच्या वडिलांना चाळिशीत घर बांधता आलं ते यामुळं. आजोबांना ते पटलं नव्हतं. ज्या घराचे पैसे दिले नाहीत ते घर आपलं नव्हे, आणि अशा घराची वास्तुशांत घालणं म्हणजे देवाला फसवणं, असं ते म्हणायचे. जेवायला मात्र आले.

व्याजाचा दर होता १५ टक्क्यांच्या आसपास. आजच्या तरुणांना हा आकडा सांगितला, की ते आपल्याकडं दयेनं बघतात. पण दरापेक्षा वाईट होती ती वार्षिक शिल्लक पद्धत. हप्ता दर महिन्याला भरायचा, पण मुद्दल कमी व्हायचं ते वर्ष संपल्यावर; तोवर वर्षाच्या सुरुवातीच्या शिलकीवरच व्याज. दीड लाखाचं कर्ज १५ वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता बसायचा २,१३८ रुपये. पहिल्या वर्षी २५,६५६ रुपये भरायचे आणि त्यांतले २२,५०० व्याजात जायचे. मुद्दलातून उतरायचे ३,१५६. म्हणजे वर्षभर पोट मारून भरलेल्या पैशांतून घराची जेमतेम एक खिडकी आपली व्हायची. पंधरा वर्षांत मिळून जवळजवळ ३ लाख ८५ हजार. तेच महिन्याला तीनशे रुपये जादा भरले, तर कर्ज साडेदहा वर्षांत संपतं आणि पाऊण लाखाहून जास्त वाचतात. हे गणित वडिलांनी शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर मांडलं होतं, आणि आम्हा भावंडांकडून तपासून घेतलं होतं. मला चक्रवाढ व्याज पुस्तकात यायच्या आधीच येत होतं.

मुदतीआधी कर्ज फेडण्याला आज लोक संस्कार वगैरे म्हणतात. संस्कार होतेच, पण आधी होता तो साधा व्यवहार. तेव्हा टपालातलं किसान विकास पत्र साडेपाच वर्षांत दुप्पट व्हायचं, म्हणजे वर्षाला साडेतेरा टक्क्यांच्या आत. पीपीएफला १२ टक्के. बिनधोक ठेवीवर मिळणारं कुठलंच व्याज कर्जाच्या व्याजाला गाठत नव्हतं. शेअर बाजाराचं नाव काढलं, तर १९९२ सालचा हर्षद मेहता सगळ्यांच्या ताज्या लक्षात होता. तेव्हा हातात आलेला जादा रुपया कर्जात घालणं हीच सगळ्यात चांगली गुंतवणूक होती, आणि आईला हे वडिलांच्याही आधी कळलं होतं.

तीनशे रुपये आणायचे कुठून, हा खरा प्रश्न, आणि तो तिच्याच पदरात पडला. तिनं शिलाई मशीनवर फॉल-पिको सुरू केलं. कॉलनीत नवी घरं होत होती, वास्तुशांतीच्या आणि लग्नाच्या साड्या यायच्या, त्यामुळं काम होतं. आंघोळीचं पाणी बंबात तापायचं; त्यासाठी शेणी आणि उसाच्या रानातलं वाळकं जे मिळेल ते. गॅसचा सिलिंडर किती दिवस गेला, हे भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहिलेलं असायचं आणि आधीच्यापेक्षा दोन दिवस आधी संपला, तर चौकशी व्हायची. शाळू वर्षाचा एकदम घ्यायचा, गूळ हंगामात गुऱ्हाळावरून. उन्हाळ्यात मिरची आणून वाळवायची, भाजायची, डंकावर नेऊन कांदा-लसूण चटणी करून आणायची. एकदा ती बरणी भरली, की भाजी नसली तरी भाकरीला काही कमी नाही. हे सगळं कर्ज नसलेल्या घरांतही होत होतं म्हणा. फरक इतकाच, की आमच्याकडं प्रत्येक गोष्टीतून काय सुटलं त्याचा आकडा निघायचा आणि तो वहीत चढायचा.

एका बाबतीत काटकसरीचं घोडं अडलं, ते मटणावर. कोल्हापुरात रविवारी मटण नाही म्हणजे घरात सुतक आहे का, असं विचारायला माणसं येतात. आईनं ते पंधरा दिवसांवर आणायचा प्रयत्न केला. पहिल्या सुन्या रविवारी वडील काही बोलले नाहीत, नुसते पेपर चाळत बसले. दुसऱ्या वेळी चुलते सहज म्हणून आले आणि "आज काय, उपास?" म्हणाले. मग तडजोड झाली : मटण दर रविवारी, पण अर्धा किलोच, आणि रस्सा वाढवायचा. आमच्या घरचा तांबडा रस्सा पातळ का, याचं उत्तर पाककलेच्या पुस्तकात सापडणार नाही.

दुसरी आवक भिशीची. तालमीच्या मंडळाची भिशी रविवारी सकाळी गोळा व्हायची. दर आठवड्याला ठरलेली रक्कम टाकायची, गरजू सभासदांनी त्यातून व्याजानं उचल करायची आणि दिवाळीच्या तोंडावर मुद्दल-व्याज वाटून घ्यायचं. सगळ्या गल्लीत भिशी फुटली, की कपडे, फटाके, एखाद्याकडं टेपरेकॉर्डर. आमची भिशी कर्जाची होती. पण वार्षिक शिलकीच्या हिशेबात जादा भरलेली रक्कमही वर्षअखेरीसच धरायचे, त्यामुळं दिवाळीत आलेले पैसे चार महिने पतसंस्थेच्या ठेवीत ठेवून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात भरायचे. दिवाळीला घरात पैसे आहेत आणि त्यांना हात लावायचा नाही, हे मुलांना समजावणं अवघड असतं. आम्हाला कोणी समजावलं नाही. वहीच दाखवली.

त्या वहीचं शेवटचं पान मला अजून आठवतं. पुढच्या पानांवर दूध, भाजी, रॉकेल, फी. शेवटच्या पानावर फक्त वर्ष आणि शिल्लक मुद्दल. एप्रिल महिन्यात, निकालाच्या आसपास, नवा आकडा लिहिला जायचा आणि तो मोठ्यानं वाचायचं काम आमच्यापैकी एकाचं. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना आपल्या घराचं शिल्लक मुद्दल ठाऊक होतं. हप्ता भरायला वडील सायकलवरून जायचे, पावती आणून तारेला ओवायचे. ती तार स्वयंपाकघराच्या दाराशी लटकत असायची, आणि पावत्यांचा गठ्ठा वाढत जाताना जातायेता दिसायचा.

पाचव्या वेतन आयोगाचा फरक हातात आला तो थेट कर्जात गेला. शेवटी एक गंमत झाली. मुदतीआधी कर्ज पूर्ण बंद केलं, तर तेव्हा शिल्लक रकमेवर दोन टक्क्यांपर्यंत दंड असायचा. लवकर पैसे परत देणाऱ्याला दंड कशाचा, हे आजोबांना शेवटपर्यंत उमगलं नाही. सावकार तरी असं करत नव्हता, म्हणायचे. वडिलांनी त्यावर उपाय काढला : पूर्ण बंद करायचंच नाही, थोडी शिल्लक ठेवायची आणि ती हप्त्यांनी संपू द्यायची. कर्ज २००२ साली फिटलं, सात वर्षं आधी. पेढे वाटले. आणि पुढच्याच महिन्यात गिलाव्यासाठी वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं. आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

या आठवणी सांगताना आम्ही भावंडं खूप हसतो. बहीण हसते, पण जरा उशिरा. तिला बारावीनंतर पुण्याला जायचं होतं. मार्क होते. पण ती बारावी झाली, तेव्हा वहीच्या शेवटच्या पानावर अजून पाच आकडी रक्कम होती, आणि वसतिगृहाचा खर्च त्या पानाच्या आड आला. कोल्हापुरातही कॉलेजं आहेत, असं ठरलं, आणि त्यावर वादाला कोणी जागा ठेवली नव्हती. तिचं वाईट झालं असं नाही. पण वाचलेल्या पाऊण लाखात तिचा वाटा किती, हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही. आईच्या चष्म्याचंही तसंच. नंबर बदललाय हे तिला माहीत होतं. सुईत दोरा ओवायला ती आम्हाला हाक मारायची आणि आम्हाला वाटायचं, आपल्याला कामाची सवय लावतेय. जुन्या काटकसरीचं कौतुक करणाऱ्या लेखांत बहुधा घराचा आकडा असतो, बाईच्या डोळ्यांचा नसतो. वडिलांची सायकल आणि माझी जुनी पुस्तकं यांना काटकसर म्हणायला माझी हरकत नाही. आईच्या वाट्याला आलं, त्याला मी तो शब्द सहजी लावणार नाही.

आता कळंब्यात बिनगिलाव्याचं घर शोधावं लागतं. ऊस मागं हटत गेला आणि अपार्टमेंटं आली. खाली पार्किंग, लिफ्ट, बाहेरून दोन रंगांचे पट्टे, आणि राहायला यायच्या आधीच सगळं गुळगुळीत. तलावाच्या बाजूला सकाळी फिरायला येणाऱ्यांत निम्म्यांचे हप्ते चालू असतील, पण कोणाचे ते चेहऱ्यावरून कळत नाही. २०१९ आणि २०२१च्या महापुरांनंतर उंचावरची जागा म्हणून इकडचा भाव आणखी वधारला.

माझ्या पुतण्यानं २०२१ साली इथंच फ्लॅट घेतला. २५ लाखांचं कर्ज, २० वर्षं, दर पावणेसात टक्के, हप्ता १९,००९. आमच्या १५ टक्क्यांपुढं हे फुकटच वाटत होतं. शिल्लक रोजच्या रोज धरतात, जादा पैसे आज भरले तर आजपासून व्याज कमी. तरत्या दराच्या गृहकर्जावरचा मुदतपूर्व फेडीचा दंड गृहवित्त कंपन्यांसाठी २०११ साली आणि बँकांसाठी २०१२ साली बंद झाला. मार्चची वाट बघायला नको, सायकल काढायला नको, रात्री अकरा वाजता अंथरुणात पडून कर्ज फेडता येतं. आमच्या वडिलांना यांतली एक सवलत मिळाली असती, तर बहीण कदाचित पुण्याला गेली असती. आणि इतकं सोपं झाल्यावर माणसं कर्ज लवकर फेडतात का? माझ्या आसपास तरी मला उलटंच दिसतं.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर चारवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. पुतण्याचा दर पावणेसातवरून सव्वानऊकडं गेला. हप्ता मात्र खात्यातून तेवढाच जात राहिला, म्हणून घरात कोणाला काही जाणवलं नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा अंगावर काटा आला : साधारण २४ लाखांच्या शिलकीवर महिन्याचं व्याजच साडेअठरा हजारांवर आणि हप्ता १९,००९. मुद्दलात चारशे-पाचशे रुपये. हप्ता असाच ठेवला, तर कर्ज फिटायला गणितानं ४० वर्षं. तो तेव्हा ३१ वर्षांचा होता. असं अनेकांचं झालं. ऑगस्ट २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना बजावलं, की दर बदलला तर हप्ता वाढवायचा की मुदत, हे ग्राहकाला विचारा. १९९६ सालच्या आमच्या घरात असं काही झालं असतं, तर ते एप्रिलमध्ये मोठ्यानं वाचलं गेलं असतं.

पुतण्या उधळ्या नाही. नवराबायको दोघं कमावतात, खर्चाचा तक्ता संगणकावर ठेवतात, आणि तो आमच्या वहीपेक्षा नीटनेटका आहे. त्याचं म्हणणं असं, की साडेआठ-नऊ टक्क्यांचं कर्ज फेडण्यापेक्षा तेच पैसे म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत टाकले, तर वीस वर्षांत जास्त होतील. होतीलही. पीपीएफचा दर आता ७.१ टक्के आहे, किसान विकास पत्र दुप्पट व्हायला ११५ महिने लागतात. ठेवींशी तुलना केली तर कर्ज फेडणं आजही फायद्याचं, बाजाराशी केली तर ज्याच्या त्याच्या छातीवर. करसवलत मिळते म्हणून कर्ज राहू द्यावं, हे मात्र मला कधीच पटलं नाही. शंभर रुपये व्याज देऊन तीस रुपये कर वाचवण्यात कसली हुशारी? आणि नव्या करप्रणालीत तर स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची ती वजावटही नाही.

गेल्या दिवाळीत तो आणि सूनबाई घरी आले होते. त्याला बोनस मिळाला होता, आणि फेब्रुवारी २०२५पासून रेपोही उतरू लागलेला. काही रक्कम कर्जात घालावी, असं दोघांचं ठरत आलं होतं. त्यानं फोनवर बँकेचं पान उघडून आईपुढं धरलं. "आजी, दोन पर्याय आहेत. हप्ता कमी करू का वर्षं?"

आईनं चष्मा नाकावर सरकवला. "हप्ता कमी केलास तर उरलेले पैसे काय करणार?"

"बघू. खर्चाला होतील."

"मग वर्षं कमी कर की. ज्याची सवय झालीय ते कशाला सोडतोस?" आणि मग तिनं हिशेब सांगितला, तोंडी. वर्षाला एक हप्ता जादा भरायचा, बाराऐवजी तेरा. मी नंतर करून बघितलं. साडेआठ टक्क्यांच्या वीस वर्षांच्या कर्जात सुरुवातीपासून एवढंच केलं, तर साडेतीन वर्षं कमी होतात. "तेरावा हप्ता भिशीतून काढ," ती म्हणाली. पण पुतण्याची भिशीच नव्हती. सूनबाईंनी तिथल्या तिथं एक आवर्ती ठेव उघडली आणि तिला नाव दिलं, आजीची भिशी.

"आणि फिटल्यावर पेढे वाटायच्या आधी बोजा उतरवून घे," आई म्हणाली. "तलाठ्याकडं जाऊन सात-बारा डोळ्यानं बघायचा."

"फ्लॅटला माझ्या नावाचा सात-बारा नसतो, आजी."

"मग बोजा चढवलाय कुठं?"

हे त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. फोनवर शोधाशोध झाली. बँकांनी तारण घेतलेल्या मालमत्तांची एक केंद्रीय नोंदणी असते, सरसाई तिचं नाव, २०११ साली सुरू झाली, असं निघालं. कर्ज संपलं की ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि बोजाही उतरवायचा, नाही केलं तर बँकेनं दिवसाला ५,००० रुपये द्यायचे, असाही नियम २०२३ साली झालाय.

"ते हापिस कुठं आहे?" आईनं विचारलं.

"दिल्लीत."

"मग आजपासून मटण अर्धा किलोच आण. दिल्लीला जायचं भाडं साठवायला लागंल."